आमच्या व्याह्यांची उठीशेता

जगात मूर्ख माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी मी कोर्टात नोकरी करताना जवळून पाहिली. पण आपल्या मूर्खपणासाठी इतके कष्ट उपसणारा, त्यासाठी परदेशी गुरू करणारा आणि वर दर शनिवारी तो नेमानं पार पाडणारा माणूस मी आमच्या व्याह्यांखेरीज दुसरा पाहिलेला नाही. दुसरा कुणी असता तर मी त्याला तोंडावर सांगितलं असतं. मी शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. भल्याभल्या वकिलांना 'आधी नीट कागद लावून आणा' म्हणून दारातून परत पाठवलेलं आहे. पण हे पडले मुलीचे सासरे. आपल्याकडे व्याह्याला काही बोलता येत नाही. मेलेल्या माणसांशी बोलायची विद्या शिकायलोय, असं त्यानं सांगितलं तरी आपण 'वा, वेळ चांगला जातो' म्हणून चहाचा कप पुढं करायचा असतो. मी असे पुष्कळ कप पुढं केले.

व्याह्यांचं आमच्या धाराशिवजवळच्या तेरला बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. औषधं म्हणजे पिकांची. पण गिऱ्हाईक हरभऱ्यावरची अळी घेऊन आलं तरी व्याही त्याला गुडघ्यापासून पोराच्या लग्नापर्यंत सगळ्यांवर उपाय सांगून मगच बाटली हातात देत. आवाज असा की धाराशिवच्या गाडीत बसायला आलेली माणसं त्यांच्या आवाजावरून दुकान उघडं आहे की बंद ते ओळखत. कुठलीही गोष्ट अर्धी करायची नाही, हा त्यांचा बाणा, आणि कुठलीही गोष्ट बरोबर करायची नाही, हे त्यांचं नशीब. मध्यंतरी त्यांना मधमाश्या पाळायचं वेड लागलं. पेट्या ठेवल्या कुठं, तर कीटकनाशकाच्या गोदामामागं. मी भीत भीत म्हणालो, व्याहीबुवा, माश्यांना वास सहन होईल का? ते म्हणाले, सवय व्हतीय हळूहळू. माश्यांना सवय झाली नाही. त्या एका सकाळी सगळ्याच्या सगळ्या उठून तेरणा नदीच्या दिशेनं गेल्या आणि मागं तांब्याभर मध ठेवून गेल्या. तो मध व्याही पुढं कित्येक दिवस पाहुण्यांना बळेबळे चाटवत. त्यानंतर कुणीतरी सांगितलं की उलटं चालल्यानं गुडघे बरे होतात. मग हे गृहस्थ पहाटे आळीतून एसटी स्टँडपर्यंत पाठमोरे चालू लागले, मागं वळून बघायचं नाही हा नियम. नियम एका बैलानं मोडला. बैल उभाच होता; हे त्याच्यावर जाऊन आदळले आणि वर त्याच्या मालकाला म्हणाले की जनावर रस्त्यात सरळ तोंडानं उभं करू नये.

या माणसाच्या घरात आमच्या विहीणबाईंनी आयुष्य काढलं. त्या कमी बोलायच्या. बोलायची जी काही हौस होती ती गाण्यातून भागवायच्या, आणि गळा खणखणीत होता. आमच्या मुलीच्या लग्नात, धाराशिवच्या कार्यालयात, जेवणं आटोपल्यावर बायका गोल करून बसल्या आणि व्याही-विहिणींची चेष्टा करणारी गाणी सुरू झाली. आमच्या बायकोनं एक म्हटलं. उत्तर म्हणून विहीणबाई उभ्या राहिल्या. पदर खोचला आणि सुरू केलं:

व्याही आमचे बसले, लोडाला टेकून,
विहीणबाई राबती, पदर खोचून.

मांडव हसला. हे त्यांच्या स्वतःच्याच नवऱ्यावर होतं हे सगळ्यांना कळलं, कारण नवरा तेव्हा खरोखरच लोडाला टेकून बसलेला होता. दुसऱ्या कुणीही ते हसण्यावारी नेलं असतं. पण व्याह्यांना त्या दिवशी पाहुण्यांसमोर मोठं दिसायचं होतं. विहीणबाईंनी पुढच्या ओळीसाठी श्वास घेतला, तेवढ्यात हे तिकडून ओरडले, "बस की आता. म्हशीवानी वराडायलीस." आवाज तर तुम्हाला सांगितलाच आहे. आचाऱ्यापर्यंत गेला. विहीणबाई जागच्या जागी खाली बसल्या, पदर सोडला, डोक्यावरून नीट घेतला आणि त्या क्षणापासून नवऱ्याशी बोलायचं त्यांनी बंद केलं.

आम्हाला वाटलं, आठवडाभर चालेल. तो अबोला चार वर्षं चालला. स्वयंपाक वेळेवर, धोतर धुतलेलं, बीपीची गोळी ताटाशेजारी. फक्त शब्द नाही. अगदी नडलं तर त्या गोठ्यात जाऊन गाईला सांगत की मालकांना म्हणावं, दूधवाला आलाय. व्याहीही गोठ्याच्या दारात उभे राहून गाईलाच सांगत की तिला म्हणावं, कळलं. मी एकदा मुक्कामाला असताना हे कामकाज स्वतः पाहिलं आहे. गाय मध्ये उभी राहून रवंथ करत होती आणि मला धरून आम्हा चौघांत तिचाच चेहरा समंजस दिसत होता. मी व्याह्यांना आडून सुचवलं की आपण पुढाकार घ्यावा. ते म्हणाले, ती बोलली की मी बोलतोच. आमच्या बायकोनं विहीणबाईंना विचारलं, तर त्यांचंही तेच उत्तर. अशा खटल्यात तडजोड होत नसते, ते कोण आधी थकतं यावर संपतात.

विहीणबाई आधी थकल्या. एके दिवशी सकाळी तूर पाखडता पाखडता त्या भिंतीला टेकल्या आणि तशाच राहिल्या. व्याही दुकानात कुणाला तरी बोंडअळीबद्दल सांगत होते. शेजारची बाई बोलवायला आली, तेव्हा त्यांनी हात वर करून तिला थांबायला सांगितलं आणि वाक्य पुरं केलं. हे त्यांनीच मला सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं.

आमच्या समाजात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, पुरतात, तेही बसवून. माणूस लिंगैक्य झाला म्हणतात; शिवात मिळाला, मागं काही उरलं नाही. भूत नाही, पिंड नाही, कावळा नाही. मला आमच्या धर्मातली ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात फाइल बंद होते. विहीणबाईंना त्यांच्याच शेतात बांधालगत, कडूलिंबाच्या झाडाखाली माती दिली. दिवसपाणी झाल्यावर व्याह्यांनी मठातल्या स्वामींना विचारलं की गेलेल्या माणसाला काही निरोप द्यायचा असला तर काय करायचं. स्वामी म्हणाले, शिवाला सांगा, आता दोन्ही एकच. व्याह्यांना हे पटलं नाही. गाडीत माझ्या शेजारी बसून ते कुजबुजले, "घरातली गोष्ट हाय हो. शिवाला मधी कशाला घालायचं?"

आता कुणीही म्हणेल की आपल्या भागात अंगात येणाऱ्या माणसांचा काय तोटा आहे. त्यांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनीही तेच सुचवलं. एका देवऋषीणबाईकडं न्यायला गाडीसुद्धा तयार होती. व्याह्यांनी नकार दिला आणि त्याचं कारण मला दिलं. तिथं गेलेलं माणूस दुसऱ्याच्या तोंडून बोलतं आणि पन्नास माणसं बसून ऐकतात. "चारचौघांत मी तिला बोललो व्हतो," ते म्हणाले. "आता चारचौघांत तिनं मला बोललं तर मी काय करू?" त्यांना असा मार्ग हवा होता, ज्यात आपण एकट्यानं जायचं आणि एकट्यानं ऐकायचं. असा मार्ग जवळपास नव्हता. तो त्यांना फोनमध्ये सापडला.

झालं असं की मधमाश्यांचं बघता बघता ते मधाच्या दारूवर गेले, आणि मधाच्या दारूवरून एका परदेशी गृहस्थावर. या गृहस्थाची दाढी छातीपर्यंत होती, दाढीत मणी ओवलेले होते आणि तो बर्फात बसून ढोल वाजवत होता. उत्तर युरोपातले जुने लोक, हातोडीवाल्या देवाला आणि एकडोळ्या देवाला मानणारे, ते मेलेल्यांशी कसं बोलत हे तो शिकवत असे. खाली हिंदीत अक्षरं उमटत. व्याह्यांनी त्याला 'मास्तर' म्हणायला सुरुवात केली. मास्तरला ते फोनमधल्या भाषांतरावर निरोप पाठवत आणि मास्तरचं उत्तरही तसंच उलटंपालटं होऊन येई. एकदा उत्तर आलं की तुमच्या घोड्याला धीर धरायला सांगा. व्याह्यांकडं घोडा नाही. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि शेवटी गोठ्यात जाऊन गाईला धीर धरायला सांगितलं.

या विद्येला मूळ नाव काहीतरी 'सैद' असं आहे. तिचा पहिला प्रकार म्हणजे थडग्यावर किंवा जुन्या टेकाडावर डोक्यावरून पांघरूण घेऊन एकट्यानं बाहेर बसणं. त्याला ते लोक 'उटिसेटा' म्हणत. व्याह्यांनी हा शब्द ऐकला आणि ते आनंदानं उठून उभे राहिले. हे तर मराठी आहे, ते म्हणाले; उठी शेता, म्हणजे उठायचं आणि शेतात जायचं. ही विद्या मूळची तेरची, इथनंच जहाजानं तिकडं गेली, असा शोध त्यांनी तिथल्या तिथं लावला. तेरहून जुन्या काळी परदेशाशी व्यापार चालत असे, एवढं खरं आहे. पण तेरकरांनी मणी नि कापड पाठवलं, उठीशेता पाठवली याला काहीही आधार नाही. मी फक्त म्हणालो, शब्द जुळतोय खरा. व्याही होते म्हणून.

मास्तरनं लिहून पाठवलं, पूर्वजांचा ढिगारा शोधा. तेरला गावाबाहेर जुन्या वस्तीचं पांढऱ्या मातीचं टेकाड आहे. पावसानंतर तिथं खापरं, मणी सापडतात. व्याही घोंगडी घेऊन त्यावर जाऊन बसले. नियम असा की रात्री बसायचं. पण व्याह्यांना नऊ वाजता झोप येते आणि रानडुकरांची भीती वाटते, म्हणून त्यांनी दुपार धरली. मेलेल्या माणसाला घड्याळाचं काय, असा त्यांचा सवाल होता. भर दुपारी टेकाडावर काळी घोंगडी हलताना पाहून तिथला पुरातत्त्व खात्याचा पहारेकरी आला. त्याला वाटलं, गुप्तधनावर कुणी बसलंय. त्यानं घोंगडी उचलली तर आत ओळखीचे दुकानदार, डोळे मिटलेले, घामानं निथळणारे. इथं काय करायलाव, असं त्यानं विचारलं. व्याह्यांनी सरळ सांगितलं की मयत माणसाशी बोलायलोय. पहारेकरी शांतपणे म्हणाला की बोला, पण कुंपणाच्या बाहेर बसून बोला. ही हकिगत व्याह्यांनी मला पहारेकऱ्याची स्तुती म्हणून सांगितली.

मग ते बांधावरच्या लिंबाखाली, विहीणबाईंच्या मातीजवळ बसू लागले. साहित्यही जमू लागलं. त्या विद्येत ढोल एका लयीत वाजवत ठेवतात, त्यानं म्हणे मन सैल होतं. ढोल कातड्याचा हवा. आमच्या समाजात कातड्याचा विटाळ, म्हणून यांनी फायबरची हलगी आणली. तिकडच्या जुन्या काळातली बाई, म्हणजे ही विद्या चालवणारी, मांजराच्या कातड्याचे हातमोजे घालत असे. यांनी फवारणीचे रबरी हातमोजे घातले. तिच्या हातात पितळी मुठीची काठी असे. यांनी बाभळीच्या काठीला कपाटाची मूठ ठोकली. तिला जनावरांची काळजं खाऊ घालत. यांनी धपाटी नि दही खाल्लं. वस्तुतः ही विद्याच मुळी बायकांची, पुरुषानं केली तर तिकडंही लोक नावं ठेवत, हे मास्तरनंच त्यांना कळवलं होतं. मला वाटलं, आता तरी सुटका. व्याही म्हणाले, नावं तर इथं आधीपासून ठेवतेत, त्यात नवीन काय.

एवढं होऊनही विहीणबाई काही बोलल्या नाहीत. तेव्हा मास्तरनं वरचा वर्ग सांगितला. उंच आसनावर बसायचं, खाली एकानं ढोल वाजवायचा आणि बाईनं गायचं, म्हणजे गेलेलं माणूस त्या गाण्याला ओढून येतं. या गाण्याला नाव 'वार्दलोकुर'. व्याह्यांनी हे फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, कुणा पाहुण्याचं आडनाव आहे. मी विचारलं, हे वार्दलोकर कुठले? त्यांनी खुलासा केला आणि मग मुद्द्यावर आले. गाण्यासाठी आमच्या बायकोची आणि ढोलासाठी माझी गरज होती. मी तब्येतीचं कारण काढलं. त्यांनी बायकोला फोन द्यायला सांगितलं.

तिला ते काय म्हणाले हे मला नंतर कळलं. परदेशी गाणं नको, ते म्हणाले. लग्नात तिचं जे अर्धं राहिलं तेवढं पुरं करून द्या. बायकोनं फोन ठेवला, माझ्याकडं वळून म्हणाली की शनिवारी सकाळच्या गाडीनं तेरला जायचं आहे, आणि पिशवी भरायला लागली. चौतीस वर्षं शासनाची नोकरी केल्यामुळं आदेश कुठला नि विनंती कुठली हे मला कळतं.

शेतात ज्वारी राखायला बांधलेलं मचाण होतं, तेच उंच आसन ठरलं. व्याही गुडघे धरून, मला खांदा मागून, कसेबसे वर चढले. वर जाऊन त्यांनी रबरी हातमोजे चढवले, काठी धरली आणि घोंगडी डोक्यावरून घेतली. खालून पाहता, पाखरं हाकलायला उभं केलेलं बुजगावणं जरा जास्त खाल्लेलं असावं, असं दिसत होतं. मी हलगी धरली. ज्या हातानं मी जन्मभर शिक्के मारले त्या हातानं मी भर शेतात हलगी बडवत होतो, आणि शेजारच्या रानातला गडी खुरपं टाकून बांधावर येऊन बसला होता. लयीत वाजवा, असं घोंगडीतून दोनदा ऐकू आलं. बायकोनं मातीकडं तोंड केलं, पदर खोचला आणि पहिल्या दोन ओळी म्हटल्या. मग जिथं तेव्हा तुटलं होतं तिथून पुढं गेली:

व्याही मागती पाणी, विहीण तांब्या धरीना,
नाव घेतल्याबिगर, घोट घशाखाली जाईना.

बायकांच्या गाण्यातली ही ओळ मला ठाऊक नव्हती. व्याह्यांनाही नव्हती. म्हणजे त्या दिवशी मांडवात एवढंच यायचं होतं: नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यावं आणि चार बायकांनी हसावं. गाणं दोन वेळा म्हणून बायको थांबली. मीही थांबलो. मचाणावरची घोंगडी हलत नव्हती. लांब कुठंतरी मोटर चालू होती. बऱ्याच वेळानं घोंगडीतून आवाज आला, नेहमीचा नाही, माणूस खोलीत बोलतो तेवढाच.

"शिवकांता," ते म्हणाले. "गाणं पुरं झालंय बग."

त्यांना बायकोचं नाव घेताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ते बसून राहिले. आम्ही उभे राहिलो. बांधावरचा गडी उठून आपल्या कामाला गेला. मग घोंगडी बाजूला झाली आणि व्याही वरूनच, मला जणू बाजारभाव सांगावा तसं म्हणाले की आली न्हाय. खाली उतरल्यावर त्यांनी हातमोजे काढून त्यांची नीट घडी केली. मी मनात पुष्कळ वाक्यं तयार ठेवली होती आणि ती सगळी चांगली होती. पण बायको लिंबाच्या बुंध्याशी आमच्याकडं पाठ करून उभी होती, डोळ्यांत कुसळ गेलं असावं, आणि तिच्यासमोर मला ती वापरता आली नाहीत.

परतीच्या गाडीत तिनं मला सांगितलं की तुम्ही दर शनिवारी जात जा. मचाणावर असोत की जमिनीवर, घोंगडीत बसून ते स्वतः हलगी कशी वाजवणार. अशा रीतीनं निवृत्तीनंतर मला पुन्हा नोकरी लागली. शनिवारी जेवून मी पिशवीत हलगी घालून स्टँडवर जात असे. कंडक्टर ओळखीचा झाला. कुठं कार्यक्रम असतो, असं त्यानं एकदा विचारलं. मी सांगितलं, धार्मिक आहे. तेरला उतरलं की व्याही दुकानाचं शटर अर्धं ओढून तयार असत आणि वाटेनं मास्तरचं ताजं तत्त्वज्ञान ऐकवत. कधी श्वास नाभीतून घ्यायचा, कधी झाडाच्या मुळांतून खाली उतरायचं, कधी आपल्यासोबत चालणारं जनावर शोधायचं. त्यांच्यासोबत चालणारं जनावर कोणतं हे त्यांना बरेच दिवस कळलं नाही. मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. ते हलगी घेऊन शेजारून चालत होतं.

ज्वारी निघाली, रान मोकळं झालं, मचाण मोडून ठेवलं, तरी हे चालूच होतं. एकदा परत येताना मी फार जपून विचारलं की एवढं करून त्या आल्या नाहीत, तर आपण किती दिवस हे चालवणार. मला वाटलं होतं, रागावतील. ते थांबले आणि त्यांनी माझ्यापुढं एक युक्तिवाद ठेवला. "घरात व्हती तवा चार वर्सं बोलली न्हाय," ते म्हणाले. "आता बी बोलंना. मग गेली म्हणायचं कशावरनं? मला वाटतंय, रुसल्याली हाय. आन् रुसल्यालं माणूस कुठंतरी असावंच लागतंय."

या युक्तिवादात पाच तरी चुका होत्या. त्या मी गाडीत बसून एकेक काढल्या आणि धाराशिव आल्यावर खिडकीतून बाहेर बघत बसलो, तो सगळे उतरले तरी उठायचं राहिलं.

वैशाखातल्या एका शनिवारी मी जाणार नव्हतो. ऊन असं होतं की स्टँडवर कुत्रीसुद्धा गाडीखालून बाहेर येत नव्हती. पण फोन करून नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, त्यापेक्षा जाणं सोपं. लिंबाला नवी पालवी होती, तिची सावली विरळ होती आणि ती माझ्या वाट्याला आली होती. व्याही नेहमीसारखे मातीच्या कडेला, उन्हात, काळ्या घोंगडीत. अशा दिवशी घोंगडी पांघरून बसण्याला कुठल्याही धर्मात क्षमा नाही. मी बडवत होतो आणि मनातल्या मनात मुलीला फोन करून काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो, कारण यांना काही झालं असतं तर साक्षीदार मीच होतो. तेवढ्यात घोंगडी खाली सरकली. व्याह्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. हनुवटीवरून पाणी गळत होतं. त्यातला घाम किती हे मला सांगता येणार नाही. मी हात थांबवला.

"बोलली," ते म्हणाले.

काय म्हणाल्या, असं मी विचारलं.

"म्हणाली, ऊन लई हाय. घरी जावा."

यावर हरकती अनंत होत्या. वैशाखात डोक्यावर घोंगडी घेऊन बसलेल्या माणसाला हे सांगायला मेलेलं माणूस कशाला हवं, झाडावरच्या कावळ्यानंही तेच सांगितलं असतं; मीही आल्यापासून तेच सांगत होतो. पण विहीणबाईंचं बोलणं मला आठवत होतं. त्या मोजकंच बोलत, आणि बोलल्या असत्या तर यापेक्षा जास्त बोलल्या नसत्या. मी एवढंच म्हणालो, मग काय करायचं? ते म्हणाले, मग काय, जायला पायजे. आणि घोंगडी झटकून तिची घडी करू लागले. दुसरं टोक मी धरलं.

चार पावलं गेल्यावर ते थांबले. मला वाटलं, काही विसरलं. ते लिंबाकडं वळले आणि चप्पल घालून दारात उभं राहून माणूस आतल्या माणसाला सांगतो तसं, फार मोठ्यानं नाही, म्हणाले, येतो. मी थोडा पुढं जाऊन उभा राहिलो. तिकडून काही उत्तर आलं की नाही हे मी पाहिलं नाही.

त्यानंतर व्याही शेतात बसायला गेलेले नाहीत. मास्तरचं नाव निघत नाही. दुकान वेळेवर उघडतं आणि हल्ली त्यांना शेवग्याच्या पाल्याच्या कॉफीचं वेड लागलं आहे. आम्हाला एक डबा आला, तो मी उघडलेला नाही. शनिवारी जेवण झालं की बायको विचारते, आज कुठं जायचं नाही ना? मी नाही म्हणतो. मग ती पानदान घेऊन समोर बसते आणि आम्ही काहीतरी बोलत राहतो. बोलायला काही नसलं तरी बोलतो.